तक्रारीची वही कुठे ठेवायची?



आज जरा वेगळा विषय घेते आहे. आपल्यापैकी बरेच जण आता तयार सॉफ्टवेअर वापरून थांबत नाहीत, चार जण मिळून स्वतः बनवतातही. कुणी पाढ्यांचा सराव बनवतं, कुणी शब्दकोडी, कुणी वाचनाचे खेळ. त्यातले काही गट आपलं काम मुक्त स्रोत ठेवतात. म्हणजे त्याचा कोड कुणीही पाहावा, वापरावा, सुधारावा, पुढे वाटावा. ही फार चांगली गोष्ट आहे. पण अशा प्रत्येक गटापुढे लवकरच एक प्रश्न येतो आणि तो आपण हसण्यावारी नेतो: कुणाला चूक सापडली तर त्याने ती सांगायची कुठे? आणि त्यावर बोलायचं कुठे?

आम्हीही हा प्रश्न हसण्यावारी नेला होता, म्हणून आधी आमचीच गोष्ट सांगते.

आम्ही पाच-सहा शिक्षकांनी वाचनसरावाचं एक छोटं सॉफ्टवेअर केलं. कोड माजी विद्यार्थ्यांनी लिहिला, शब्दयाद्या आम्ही दिल्या. एका आईने मोबाइलवरच्या गटात संध्याकाळी लिहिलं, "बाई, डोंगर-दऱ्यांच्या चित्राखाली ‘दर्या’ आलंय. मुलगी विचारते, हा समुद्र आहे का?" बरोबर होतं तिचं. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या, आणि दर्या म्हणजे समुद्र. यादी टाइप करताना ‘ऱ्य’ऐवजी साधा र जोडला गेला होता, त्यामुळे र चा रफार होऊन य च्या डोक्यावर बसला. दोन मिनिटांची दुरुस्ती.

पण त्याच संध्याकाळी गटात एका सरांचा वाढदिवस होता, सुट्टीचं परिपत्रक आलं होतं आणि सहलीच्या बसची चर्चा चालू होती. निरोप वर सरकत गेला. आमच्यातल्या तिघांनी तो वाचला होता, आणि प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने मुलांना कळवलं असेल. अडीच महिन्यांनी दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी हीच चूक पुन्हा सांगितली तेव्हा कळलं की ती तशीच आहे. तोवर कितीतरी मुलांनी दरीला दर्या वाचलं होतं. आणि त्या आईने आम्हाला नंतर कधीच काही कळवलं नाही. मला जास्त लागलं ते हेच.

यात आळशी कुणीच नव्हतं. सांगितलेली गोष्ट टिकून राहील अशी जागाच आम्ही केली नव्हती.

शाळेत तीन वह्या असतातच की!

खरं तर हे आपल्याला नवीन नाही. शाळेत पत्र आलं की ते आवक रजिस्टरला चढतं, त्याला क्रमांक पडतो. उद्या कुणी विचारलं तर क्रमांक सांगितला की झालं. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत चर्चा होते, तिचं इतिवृत्त लिहिलं जातं. आणि मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत चहाबरोबर गप्पा होतात, त्या कुणी लिहीत नाही आणि लिहूही नयेत.

सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातही याच तीन गोष्टी लागतात. चूक किंवा सूचना क्रमांकासह नोंदवण्याची जागा, तिला इश्यू ट्रॅकर म्हणतात. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो, ती ‘उघडी’ आहे की ‘मिटली’ हे दिसतं, कोण काम करतंय ते दिसतं. दुसरी जागा चर्चेची: नवीन धडा घ्यावा का, आवाज कुणाचा असावा, असे प्रश्न जिथे सावकाश बोलता येतात आणि निर्णय लिहिलेला राहतो. तिसरी जागा गप्पांची.

आपली चूक होते ती तिसऱ्या जागेवर पहिल्या दोन्हींचं काम टाकण्यात. गप्पांची जागा विसरण्यासाठीच असते. स्लॅक हे कार्यालयांत खूप वापरलं जाणारं गप्पांचं साधन. २०२२ पासून त्याच्या मोफत योजनेत फक्त शेवटच्या ९० दिवसांचे संदेश पाहता येतात. विचार करा, जूनमध्ये घेतलेला निर्णय दिवाळीनंतर शोधायला गेलात तर दिसणारच नाही. आणि जिथे संदेश उरतात तिथेही शोधताना नाकी नऊ येतात.

मूडल आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. कॉलेजांमध्ये अभ्यासक्रम ऑनलाइन ठेवण्यासाठी ते वापरतात. ऑस्ट्रेलियात सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये बाहेर आलं, तेही मुक्त स्रोत. त्यांच्याकडे "हे कसं करायचं" असे प्रश्न विचारायला चर्चेची जागा वेगळी, आणि खरोखर दोष आहे असं दिसलं की तो ट्रॅकरवर ‘एमडीएल’ क्रमांकाने नोंदला जातो. आपला प्रकल्प त्यांच्या मानाने मुंगीएवढा असला तरी ही विभागणी मुंगीलाही उपयोगी आहे.

साधन कुणाच्या सोयीने निवडायचं?

आता मुद्द्याचं बोलते. साधन निवडायची वेळ आली की बोलतात ते कोड लिहिणारे. कारण त्यांना त्यातलं कळतं. ते विचारतात: रंगीत खुणा लावता येतात का, कामांचा तक्ता दिसतो का, कोड बदलला की नोंद आपोआप मिटते का? हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण माझं मत असं आहे की साधन निवडताना पहिला विचार चूक दुरुस्त करणाऱ्याचा नको, चूक ज्याला दिसते त्याचा हवा.

का ते सांगते. आमच्याकडे दुसरी एक तक्रार आली होती: "ल हिंदीसारखा का दिसतो?" मराठीत आपण ल दंड न देता काढतो, हिंदीत दंड देऊन. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं तरच मराठी ल दिसतो. आमच्या पानावर भाषा चुकून हिंदी लिहिलेली होती. कोड लिहिणारा मुलगा हुशार आहे, पण त्याच्या नजरेला हे कधी खटकलं नाही. खटकलं ते पहिलीच्या वर्गावर शिकवणाऱ्या बाईंना, कारण त्या रोज तो ल गिरवून घेतात. अशी नजर कोड लिहिणाऱ्याकडे नसते, ती तुमच्याआमच्याकडे असते. आणि आपल्यालाच जर दारातून आत येता आलं नाही, तर चूक सापडणार कशी?

दार किती रुंद ठेवायचं यावर मोठ्या प्रकल्पांनीही डोकं शिणवलेलं आहे. डेबियन ही १९९३ पासून चालू असलेली लिनक्सची आवृत्ती. तिच्या दोषनोंदवहीत नोंद करायला खातं लागत नाही. ईमेल पाठवायचा, सुरुवातीला कोणत्या पॅकेजबद्दल आहे ती ओळ लिहायची, की झाली नोंद. दिसायला ती जुनाट वाटते. पण ज्याला ईमेल पाठवता येतो, त्याला तिथे बोलता येतं. त्याची किंमतही आहे बरं का: पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता सगळ्यांना दिसतो.

पायथन भाषेचं उदाहरण तर मला फार आवडतं. आपल्या मुलांना आजकाल हीच भाषा शिकवतात. पायथनचा कोड २०१७ मध्ये गिटहबवर गेला, पण दोषांची नोंद जुन्या जागी, राउंडअप नावाच्या ट्रॅकरवरच राहिली. म्हणजे मदत करू पाहणाऱ्याला दोन ठिकाणी खाती, दोन रीती. तेव्हा एक लेखी प्रस्ताव आला, क्रमांक ५८१, की नोंदीही गिटहबवर नेऊ. त्याला उत्तर म्हणून दुसरा लेखी प्रस्ताव आला, क्रमांक ५९५, की तसं करू नका, असलेलंच सुधारा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं हलकं नव्हतं: जुन्या ट्रॅकरमधल्या सोयी जातील आणि आपण एका कंपनीवर अवलंबून राहू. २०१९ मध्ये पहिला प्रस्ताव मान्य झाला आणि प्रत्यक्ष स्थलांतर झालं एप्रिल २०२२ मध्ये. जुन्या नोंदी फेकल्या नाहीत, त्या सोबत नेल्या. दोन्ही प्रस्ताव आजही कुणालाही वाचता येतात. भांडण कसं करावं याचा हा धडाच आहे: दोन्ही बाजू लिहून, कारणांसकट, आणि निर्णयानंतरही पुसून न टाकता.

वही आपल्याबरोबर येईल का?

दुसरा प्रश्न पालकांना लगेच कळेल. घर भाड्याचं असलं तरी सामान आपलं असतं ना? इथेही तेच पाहायचं.

गूगल कोड नावाची जागा एकेकाळी मुक्त स्रोत प्रकल्पांना मोफत मिळत होती. कोड ठेवा, दोष नोंदवा, सगळं तिथेच. मार्च २०१५ मध्ये कंपनीने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद झाली. प्रकल्पांना बिऱ्हाड हलवावं लागलं.

याउलट विकिपीडियाचं पाहा. मराठी विकिपीडिया आपण सगळेच वापरतो. तो ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याच्या नोंदी २०१४ पासून फॅब्रिकेटर या साधनात ठेवल्या जातात. २०२१ मध्ये फॅब्रिकेटर बनवणाऱ्या कंपनीने काम थांबवलं. पण फॅब्रिकेटर स्वतः मुक्त स्रोत होतं, त्यामुळे कुणाच्या नोंदी अडकल्या नाहीत. वापरणाऱ्यांनीच त्याची डागडुजी चालू ठेवली आणि फोर्ज नावाने त्याची पुढची आवृत्तीही उभी केली.

दोन्हीकडे मालकाने हात काढला. एका ठिकाणी सगळ्यांना उठावं लागलं, दुसऱ्या ठिकाणी कुणालाही उठावं लागलं नाही.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. कोड गिटमध्ये असेल तर प्रत्येकाच्या संगणकावर त्याची संपूर्ण इतिहासासकट प्रत असते. इश्यू मात्र त्या प्रतीत नसतात. त्या त्या संकेतस्थळाच्या कपाटात राहतात. म्हणजे आपण निर्धास्त असतो की सगळं आपल्याकडे आहे, आणि ‘दऱ्या’ची तक्रार कुणी केली, ती कशी मिटवली, हे नेमकं आपल्याकडे नसतं.

मग गिटहब घ्यावं की नाही?

यावर आमच्या गटात चांगलीच जुंपली. एक सर म्हणाले, "आपण मुक्त स्रोताच्या गोष्टी सांगतो आणि वही मात्र बंद कपाटात ठेवतो, हे कसं?" त्यांचं बरोबर आहे. गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं आहे आणि गिटहबचा स्वतःचा कोड खुला नाही. २०२२ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने गिटहब सोडा असं आवाहनही केलं. पर्याय आहेत: गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, आणि जर्मनीतली कोडबर्ग ही ना-नफा संस्था मुक्त प्रकल्पांना जागा देते.

तरीही मी गिटहबच्या बाजूने मत दिलं, आणि कारण सांगते. स्वतःचा सर्व्हर म्हणजे घरची म्हैस. दूध चांगलं, पण रोज चारा-पाणी कोण करणार? आमच्यात ते करू शकणारा एकच मुलगा आहे, आणि तो उद्या नोकरीला बाहेरगावी गेला की म्हैस उपाशी. कोडबर्गला माझा विरोध नाही, पण मदतीला येणाऱ्या मुलांची खाती आधीच गिटहबवर होती. सरांचा आक्षेप मी खोडून काढला नाही, खोडता येतही नाही. त्यावर एक अट घातली: दर सत्राच्या शेवटी सगळ्या नोंदींची प्रत काढून ठेवायची. तशी सोय आहे, पण ती आपल्याला आठवणीने वापरावी लागते. ज्या दिवशी ही प्रत काढणं आम्ही विसरू, त्या दिवशी सर जिंकले असं मी मानेन.

तुमच्याकडे सर्व्हर सांभाळणारी दोन-तीन माणसं असतील तर तुमचं उत्तर वेगळं येईल, आणि यायलाच हवं.

एक मात्र करू नका. ट्रॅकर इथे, चर्चा तिथे, कामांचा तक्ता तिसरीकडे, सूचनांचा फॉर्म चौथीकडे असं करू नका. एक ना धड, भाराभर चिंध्या. लहान गटाला नोंद आणि चर्चा एकाच ठिकाणी पुरते.

मुलांचं नाव दारात नको

हा मुद्दा शिक्षक म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तंत्राच्या चर्चेत तो हमखास राहतो. मुक्त स्रोत प्रकल्पाची नोंदवही साऱ्या जगाला दिसते. चूक दाखवायला आपण स्क्रीनचं चित्र जोडतो, आणि त्या चित्रात वर मुलाचं नाव, इयत्ता, गुण दिसत असतात. एकदा ते उघड झालं की पूर्ण मागे घेता येईल याची खात्री नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या वर्गातल्या मुलाला कमी गुण पडले हे जगाला का कळावं?

शिवाय गिटहबवर खातं उघडायला वय किमान १३ लागतं. म्हणजे प्राथमिक शाळेतल्या मुलांनी तिथे स्वतः लिहायचं नाही. त्यांनी आपल्याला सांगायचं, आपण लिहायचं.

आम्ही काय ठरवलं

मोबाइलवरचा गट आम्ही बंद केला नाही. तो बंद केला तर ती आई बोलणार कुठे? तिला खातं उघडा, इंग्रजी बटणं दाबा असं सांगणं म्हणजे दार लावून घेणंच. त्याऐवजी आम्ही आठवड्याची पाळी लावली. ज्याची पाळी, त्याने गटात आलेली प्रत्येक चूक त्याच दिवशी नोंदवहीत मराठीत चढवायची, सांगणाऱ्याचं किंवा मुलाचं नाव न लिहिता. आणि मग गटात उत्तर द्यायचं: "तुमची नोंद क्रमांक १४. दुरुस्त झाली की कळवतो." दुरुस्त झाल्यावर खरंच कळवायचं. हा शेवटचा निरोप विसरायचा नाही, कारण पुढची चूक सांगायची की नाही हे माणूस त्यावरूनच ठरवतो.

मोठे निर्णय गटात होत नाहीत. गटात बोलणं झालं तरी चर्चेच्या जागी चार ओळी लिहायच्या: काय ठरलं, का ठरलं, कुणाचा विरोध होता. आपल्या इतिवृत्तासारखंच.

आणि हो, यातून वर्गासाठी एक छान लेखनाचा तासही मिळतो. सहावी-सातवीच्या मुलांना सांगा: "चालत नाही" असं लिहायचं नाही. तीन गोष्टी लिहा. मी काय केलं? मला काय दिसायला हवं होतं? प्रत्यक्षात काय दिसलं? उदाहरणार्थ: "मी डोंगराचं चित्र दाबलं. ‘दऱ्या’ दिसायला हवं होतं. ‘दर्या’ दिसलं." तीन वाक्यं, पण ती वाचून न पाहिलेल्या माणसालाही चूक सापडते. निरीक्षण आणि नेमकेपणा दोन्ही आले. वर्गात फळ्यावर पाच खोट्या तक्रारी लिहून द्या आणि त्यातली कोणती दुरुस्त करता येईल, कोणती नाही, हे मुलांनाच ठरवू द्या.

तर मंडळी, तुमचा असा काही उद्योग चालू असेल तर साधनाचं नाव शोधण्याआधी एक कागद घ्या आणि लिहा: आपल्याला चूक सांगणारी माणसं कोण आहेत, त्यांच्या हातात काय आहे, त्यांना कोणती भाषा येते. साधन त्यानंतर निवडा.

त्या आईला मी स्वतः फोन केला. "बाई, तुम्ही सांगितलेली चूक बरोबर होती, ती आम्ही उशिरा दुरुस्त केली, चूक आमची," एवढंच म्हणाले. त्या म्हणाल्या, "असू द्या हो. अजून एक आहे, सांगू का?" तीच आमची नोंद क्रमांक १.